दुखून राहिलं

भूमिका : स्क्रीन नका बघू. आवाज ऐका. हे कानात घाला.

जितेंद्र : भूमिका, साडेतीन वाजता हैदराबादचे पाहुणे डब्बीचा डेमो पाहायले येऊन राहिले. माह्या स्लाइडा अजून अर्ध्याच झाल्या. अन् तू मले पेशंटचा आवाज ऐकवून राहिली?

भूमिका : सात सेकंदांचा आहे.

जितेंद्र : त्या बाईचा दिवा हिरवा आहे ना? मंग हिरव्याले कायले हात लावते? पिवळे पाहा, लाल पाहा.

भूमिका : ऐका आधी, भाऊ. पार्वतीबाई, वय चौसष्ट, गाव भिवापूरच्या पुढे. वीस दिवसांपूर्वी इथे धंतोलीतल्या दवाखान्यात हृदयात स्प्रिंग, म्हणजे स्टेंट, टाकली आणि घरी गेल्या. आपली बोलणारी डब्बी त्यांच्या उशाशी ठेवलेली आहे. आज सकाळी आठ वाजता डब्बीनं नेहमीसारखं विचारलं, आपल्याला काही त्रास होत आहे का. त्यावर त्या काय म्हणाल्या ते ऐका.

जितेंद्र : दे बापा. ... हं. "छातीत दुखून राहिलं वं माय, परवापासून." असंच ना?

भूमिका : असंच. आता स्क्रीनवर काय लिहिलंय ते वाचा.

जितेंद्र : "छातीतील वेदना परवापासून थांबल्या आहेत. प्रकृती समाधानकारक."

भूमिका : दुखून राहिलं. राहिलं म्हणजे थांबलं. मशीननं असा अर्थ लावला.

जितेंद्र : थांबलं कसं? दुखून राहिलं म्हणजे दुखूनच राहिलं ना. आता, या टायमाले.

भूमिका : तुमच्या-माझ्या घरी. पुण्यात दुखायचं राहिलं म्हणजे दुखणं गेलं.

जितेंद्र : एक मिनिट. एक मिनिट थांब. मतलब, ज्याले दुखूनच राहिलं अन् तो तसं सांगून राहिला...

भूमिका : त्याला हिरवा दिवा. आणि तो डॉक्टरांच्या यादीत सगळ्यात खाली.

जितेंद्र : या बाईचं कधीपासून असं आहे?

भूमिका : परवा संध्याकाळपासून सहा उत्तरं. सहाही हिरवी. शेवटचं आज दुपारी एकचं. मी ते सहज ऐकलं, भाऊ. पाहुण्यांना ऐकवायला एखादा गोड आवाज शोधत होते. नाहीतर ऐकलंही नसतं.

जितेंद्र : पण आपण टेस्ट केलं होतं यार. चाळीस लोकांचे आवाज घेतले. माह्या मायचा बी घेतला. एक बी चुकला नव्हता.

भूमिका : तुमच्या आई माइकसमोर काय म्हणाल्या होत्या, आठवतं? "मला अस्वस्थ वाटत आहे."

जितेंद्र : माही माय जिंदगीत कधी अस्वस्थ झाली नाही. तिले कसंतरीच होऊन राहते.

भूमिका : तेच म्हणतेय मी. माइक दिसला की सगळे शाळेतला धडा वाचल्यासारखं बोलतात. पेशंटही पहिले आठ-दहा दिवस तसेच बोलले, डब्बी परकी होती तोवर. मग तिची सवय झाली. तिला वं म्हणायला लागले, माय म्हणायला लागले, घरच्यासारखं सांगायला लागले. आणि तेव्हापासून आपल्या डब्बीला उलटं ऐकू यायला लागलं.

जितेंद्र : मले घाबरवू नको.

भूमिका : मी स्वतः घाबरलेय. माझ्यामुळे तिकडे कोणी मेलं असेल तर मी काय करू, भाऊ?

जितेंद्र : तुह्यामुळे कसं? जाऊ दे, ते मंग पाहू. तिले फोन लाव. स्पीकरवर टाक.

(रिंग. बराच वेळ. मग उचलल्याचा आवाज.)

पार्वतीबाई : हॅलो? कोन बोलते?

भूमिका : नमस्कार. पार्वतीबाई बोलत आहेत का? मी नागपूरहून बोलते आहे. आपल्या घरी ती आवाजाची डब्बी दिली आहे ना, त्या कंपनीतून. आपली तब्येत कशी आहे?

पार्वतीबाई : नमस्कार, मॅडम. माझी तब्येत चांगली आहे.

भूमिका : आपल्याला छातीत काही त्रास होत आहे का?

पार्वतीबाई : नाही, मॅडम. काही त्रास होत नाही आहे. औषधी वेळेवर घेत आहे.

भूमिका : पण सकाळी आपण डब्बीला काहीतरी सांगितलं होतं.

पार्वतीबाई : ते असंच, मॅडम. आपण फोन केला, आपल्याला धन्यवाद.

जितेंद्र : हाय रे देवा. पाह्य, ठीक आहे ती. जीवच काढला होता तू माहा. आता नमस्कार म्हण अन् ठेव.

भूमिका : नाही. ऐकलं नाही का तुम्ही? ती धडा वाचून राहिली.

जितेंद्र : म्हणजे?

भूमिका : मी मॅडम आहे तिच्यासाठी. मॅडमला कोण खरं सांगतं? ... मावशी, ठेवू नका फोन. ऐका ना. मी मॅडम-बिडम कोणी नाही वं. मी भिवापूरचीच पोट्टी आहो.

पार्वतीबाई : भिवापूरची? कोनाची वं?

भूमिका : नानाजी भोयरची. स्टँडमागं घर आहे आमचं. माही माय प्रेमिला, मिरच्या खुडायले तुमच्या गावाकडं येत होती.

पार्वतीबाई : प्रेमिलाची पोट्टी तू? मंग मॅडमवानी काहून बोलून राहिली होती? मले वाटलं, दवाखान्यातली कोनी मोठी बाई आहे. म्या बी नीट बोलली मंग.

भूमिका : चुकलं माहं, मावशी. आता तसं नका बोलू. मले खरं सांगा, दुखून राहिलं का?

पार्वतीबाई : दुखून राहिलं ना वं. परवापासून दुखूनच राहिलं. आदी उलीसं दुखे, आता निरा छातीवर पाटा ठेवल्यावानी झालं.

भूमिका : आता? या टायमाले?

पार्वतीबाई : आता बी. डावा हात भरून येऊन राहिला. अन् घाम सुटून राहिला, म्हनून ओसरीत येऊन बसली. म्हटलं हवा लागन.

भूमिका : मंग मघाशी नाही काहून म्हटलं?

पार्वतीबाई : मोठ्या लोकाइले घडीघडी काय रडगानं सांगाव. अन् डब्बीतल्या पोरीले सांगतलंच होतं म्या. रोज सांगतलं. थे म्हने, "छान, अशीच काळजी घ्या." म्हटलं, तिले डाक्टरनं सांगून ठेवलं असन. थे छान म्हनते म्हनजे असंच दुखत असन सगळ्याइले. स्प्रिंग आतमंदी बसून राहिली असन.

जितेंद्र : भूमिका, मी दुसऱ्या फोनवरून सोनिका मॅडमले लावतो. ऑपरेशन त्याइनंच केलं ना? तू हिले सोडू नको. बोलत ठेव.

पार्वतीबाई : कोन मानूस आहे वं तुह्या बाजूले?

भूमिका : माहे साहेब आहे, जितेंद्रभाऊ. डॉक्टरबाईले फोन लावून राहिले. मावशी, घरात कोण आहे तुमच्या संग?

पार्वतीबाई : कोनी नाही. पोरगा वापीले कंपनीत आहे. त्याले सांगतलं नाही, उगाच काम सोडून पयत येईन. म्हटलं, डब्बी आहे ना.

भूमिका : शेजारी कोण आहे?

पार्वतीबाई : यमुताई आहे ना. तिच्या आंगनात बाया पापड लाटून राहिल्या. जाऊन बलावू काय?

भूमिका : नाही नाही. उठू नका. अजिबात उठू नका. बसल्या जागेवरून आवाज द्या.

पार्वतीबाई : यमे... ओ यमे... निघून नाही राहिला वं आवाज. दम भरून येते.

भूमिका : उलीसं थांबा. श्वास घ्या. फोन तसाच राहू द्या. अन् मंग अजून एक डाव.

पार्वतीबाई : यमे... यमुताई... पाहून राहिली, पाहून राहिली. एक पोट्टी पयत येऊन राहिली इकडं. हे यमुताई बी उठली.

जितेंद्र : मॅडम लागल्या. म्हणते, उभं राहू देऊ नका, टेकून बसवा. जिभेखाली ठेवायची गोळी दिली होती, लहान पांढरी, ती एक ठेवा. आधी भिवापूरच्या सरकारी दवाखान्यात न्या, ईसीजीची पट्टी काढा, मंग तिथून इकडं. एकशेआठच्या अँब्युलन्सले मी सांगतो. गावात कोणाची गाडी असन तर वाट पाहू नका.

भूमिका : मावशी, जिभेखाली ठेवायची गोळी कुठं आहे?

पार्वतीबाई : देवाजवळच्या डब्यात. यमे, देवाजवळ पाह्य. लहान पाकीट. हाव, थेच. ... ठेवली.

भूमिका : चघळू नका, तशीच राहू द्या. गावात गाडी कोणाची आहे?

पार्वतीबाई : मारोतरावची व्हॅन आहे, शाळेचे लेकरं नेते थो. यमुताईनं पोट्टी पाठोली त्याच्याकडं. ... वं पोरी.

भूमिका : हं, मावशी.

पार्वतीबाई : तुहा आवाज त्या डब्बीतल्या पोरीवानी आहे.

भूमिका : माहाच आहे.

पार्वतीबाई : डब्बीत तूच आहे?

भूमिका : आवाज माहा आहे. मी इथं बसून बोलली होती, थो भरून ठेवला.

पार्वतीबाई : मंग मी रोज तुलेच सांगत होती?

भूमिका : हाव.

पार्वतीबाई : मंग तू छान काहून म्हनत होती वं?

भूमिका : मले समजलं नाही, मावशी.

पार्वतीबाई : आपल्या गावची असून?

भूमिका : हाव, मावशी. आपल्या गावची असून.

पार्वतीबाई : खरं सांगजो. मी मरून राहिली का?

भूमिका : नाही. गाडी येऊन राहिली. डॉक्टरबाई वाट पाहून राहिल्या.

पार्वतीबाई : भेव वाटून राहिलं, पोरी. स्प्रिंग टाकली त्या वक्ती येवढं नव्हतं वाटलं. त्या वक्ती पोरगा होता बाजूले.

भूमिका : मले बी भेव वाटून राहिलं. तुम्ही माह्याशी बोलत राहा.

पार्वतीबाई : काय बोलू? मारोतराव आला. व्हॅन आली दारापर्यंत. हे यमी म्हनते, फोन दे माह्याजवळ, तू बोलू नको. डब्बीले काय करू? संग घेऊ?

भूमिका : नाही. तिले घरीच राहू द्या. मावशी, पायी चालू नका, त्याइले उचलून ठेवू द्या.

पार्वतीबाई : बरं. मायले सांगजो तुह्या, पार्वती इचारत होती म्हनून.

भूमिका : ... बंद झाला. कट झाला फोन.

जितेंद्र : यमुताईनं ठेवला असन. बस खाली. बस आधी. पाणी पी. सोनिका मॅडमनं भिवापूरले फोन केला, तिथले डॉक्टर दारातच थांबते म्हणे. नऊ किलोमीटर आहे. पंधरा मिनिटं.

भूमिका : पंधरा मिनिटं.

जितेंद्र : पोचन. आता एक सांग. राहिलं म्हणजे थांबलं, हे कोणी लिहिलं? कोण्या अकलेच्या कांद्यानं पास केलं?

भूमिका : पुण्याच्या त्या, वाक्यांना अर्थाचं लेबल लावणाऱ्या टीमनं लिहिलं. चार मुली होत्या. मूर्ख नव्हत्या, भाऊ. त्यांनी विचारलं होतं. मार्चमध्ये व्हिडिओ मीटिंग झाली, तुम्ही अमरावतीला गेला होता. एकीनं वाक्य वाचलं, "पोटात दुखून राहिलं". म्हणाली, हे राहिलं म्हणजे थांबलं ना? बाकीच्या हसल्या. वाक्याला हसल्या, कोणा माणसाला नाही. मग तिनं विचारलं, तुमच्यात तिकडचं कोणी आहे का?

जितेंद्र : अन्?

भूमिका : माझा कॅमेरा बंद होता.

जितेंद्र : भूमिका.

भूमिका : मी गप्प बसले. आधीच्या नोकरीत, पुण्यात हिंजवडीला, पहिल्याच आठवड्यात मी कँटीनमध्ये म्हटलं होतं, मी जेवण करून राहिले. त्यानंतर दोन वर्षं माझं नाव राहिले. "राहिले, चहाला येतेस का? राहिले, तुझा कोड राहिला." प्रेमानंच म्हणायचे. मी ते बोलणं घासून घासून काढून टाकलं, भांड्याची करप काढतात तसं. घरी आईशीसुद्धा पुण्याचं बोलायला लागले. आणि त्या मीटिंगमध्ये त्या मुली हसल्या ना, तेव्हा मला ते कँटीन आठवलं. वाटलं, आत्ता नको. नंतर शांतपणे त्यांच्या शीटमध्ये दुरुस्त करू.

जितेंद्र : मंग केलं काहून नाही?

भूमिका : शीट आलं तेव्हा दोन हजार ओळी होत्या आणि दुसऱ्या दिवशी डब्ब्या पेशंटला द्यायच्या होत्या. मी खाली "तपासले" लिहिलं. पुढे माझं नाव आहे. अजूनही आहे, उघडून बघा.

जितेंद्र : तुले कामावर काहून घेतलं होतं, माहीत आहे?

भूमिका : इंटरव्ह्यू चांगला झाला म्हणून.

जितेंद्र : इंटरव्ह्यू तुह्यापेक्षा चार पोट्ट्यांचा चांगला झाला होता. एक तर निरा हिरा होता, इंदूरचा. मी तुह्या अर्जावर भिवापूर वाचलं. म्हटलं, धंतोलीतल्या दवाखान्यात अर्ध्या बाया त्याच बोलीच्या येते, ही त्याइचं ऐकन. बस, एवढ्याच गोष्टीवर घेतलं.

भूमिका : तुम्ही कधी बोलला नाहीत हे.

जितेंद्र : हे काय बोलाची गोष्ट आहे? मले वाटलं, तुले माहीत असन. ... अन् मी तरी कुठचा शहाणा. माहं बी घर नागपूरच्याच इतवारीतलं. शीट उघडलं असतं तर पहिल्याच पानावर दिसलं असतं. घाई माहीच होती.

भूमिका : किती मिनिटं झाली?

जितेंद्र : बारा. सारखं घड्याळ पाहून काही होत नाही. थांब, आपल्या हर्षितचा मेसेज आहे. पाहुणे लवकर आले. खाली पार्किंगमध्ये आहे.

भूमिका : आत्ता?

जितेंद्र : आत्ता. ... एक गोष्ट बोलू? ऐकून घे, मंग रागव. पार्वतीबाई निघाली. जे करायचं ते आपण केलं. तो नियम बदलायले तुले किती वेळ लागन?

भूमिका : दहा मिनिटं.

जितेंद्र : दहा मिनिटं. मंग बदल अन् डेमो देऊ. सहा जिल्ह्यांच्या दवाखान्यांचं काम आहे हे. अकरा पोट्टे-पोट्ट्या बंगळूर-हिंजवडी सोडून नागपुरात आले, मायबापाजवळ राहून हे काम करता येते म्हणून. तुले त्या डब्बीची प्रमुख करणार आहे ते हैदराबादवाले, कालच सांगतलं त्याइनं. मी कुठं म्हणतो लपवू? उद्या सकाळी सगळ्या डॉक्टरांना फोन करून सांगू. एका रातीचा सवाल आहे.

भूमिका : नियम बदलला की पुढची उत्तरं बरोबर लागतील. मागची काय?

जितेंद्र : मागची मंग पुन्हा विचारन ना डब्बी, संध्याकाळी.

भूमिका : नाही सांगणार ते. पार्वतीबाईनं काय म्हटलं ते ऐकलं ना? तीन दिवस सांगितलं, तीन दिवस छान म्हटलं आपण. आता त्याइले वाटते, हे असंच राहते. ते आता दुखणं घेऊन चूप बसले असतीन, भाऊ. अन् छान कोणाच्या आवाजात म्हटलं? माह्या.

जितेंद्र : किती जण असतीन असे?

भूमिका : शोधाले टाकलंय. मागच्या दहा दिवसांचे सगळे आवाज, ज्याच्यात "ून राहि" येते ते. ... आले. चौऱ्याऐंशी.

जितेंद्र : चौऱ्याऐंशी माणसं?

भूमिका : उत्तरं. थांबा, सगळेच दुखण्याचे नाहीत. "भाजी खुडून राहिली." "नातू टीव्ही पाहून राहिला." "जेवून राहिलो, मंग विचार." हे काढून टाकते.

जितेंद्र : काढ, काढ. आता किती?

भूमिका : एकवीस माणसं. वाचू?

जितेंद्र : नको. ... वाच.

भूमिका : "दम लागून राहिला." हिरवा. "चक्कर येऊन राहिली, उभी राहिली की." हिरवा. "टाक्यातून पाणी निघून राहिलं." हिरवा. "पाय सुजून राहिले." "उलट्या होऊन राहिल्या." "छातीत धडधड होऊन राहिली, पोरी, डॉक्टरले सांगजो." हिरवा. हिरवा. हिरवा.

जितेंद्र : बस कर.

भूमिका : दोनशे बारा डब्ब्यांपैकी एकवीस.

जितेंद्र : बस कर म्हटलं ना. कळलं मले.

भूमिका : डेमोले मी नाही येत. तुम्ही द्या. मी फोन करते. मले काढून टाका मंग, उद्या, आज, कधी बी. पण हे फोन मी आता करते.

जितेंद्र : तुह्या एकटीच्यानं एकवीस फोन कवा होतीन? सात वाजतीन. ... हॅलो, हर्षित? पाहुण्यांना वर नको आणू. डेमो होत नाही आज. नाही, प्रोजेक्टर नाही बिघडला. खोटं नको सांगू त्याइले. सांग, आमच्या डब्बीनं दुखणाऱ्या माणसाले बरं आहे म्हणून लिहिलं, आम्ही पेशंटले फोन करून राहिलो. रागावले तर रागावू दे. अन् त्याइले चहा पाजून तू वर ये, अबोलीले बी घेऊन ये. अन् ऐक, ज्याले ज्याले घरची बोली येते, तेवढ्याले सगळ्याइले आण.

भूमिका : भाऊ.

जितेंद्र : काही बोलू नको. माही बी छाती धडधड करून राहिली. थांब, सोनिका मॅडमचा फोन आहे. ... हो मॅडम. हो. ... हो, सांगतो तिले. अन् मॅडम, अजून एक सांगायचं आहे, वाईट आहे. एकवीस नावं पाठवून राहिलो. त्याइचा हिरवा दिवा खरा नका मानू. कोणाचाच नका मानू. ... हो, चूक आमची आहे. डब्बीची नाही, आमची.

भूमिका : काय म्हणाल्या?

जितेंद्र : पट्टी काढली. अटॅकच आहे. इंजेक्शन देऊन राहिले, मंग एकशेआठमध्ये टाकून इकडं आणतीन. एक तास लेट झाला असता तर काय झालं असतं, ते मॅडम मले सांगतच नव्हत्या. यमुताई संग आहे. ती म्हणे, पार्वती बोलून राहिली.

भूमिका : बोलून राहिली.

जितेंद्र : हाव. बोलतेच आहे. ... रड, रड. दोन मिनिटं रड. मंग नंबर घे.

भूमिका : नाही, घेते. मी यादी लावली, जास्त डाव सांगतलं तो वर. तुम्ही खालून घ्या, मी वरून घेते.

जितेंद्र : सगळ्यात वर कोण आहे?

भूमिका : कवडू शेंडे. रामटेकजवळचे. अठ्ठावन्न वर्षं, बायपास. चार दिवसात नऊ डाव सांगतलं, "जीव घाबरून राहिला." काल रातच्याले शेवटचं, "झोप येऊन राहिली, आता नको बोलू." त्याच्यानंतर काही नाही.

जितेंद्र : काही नाही म्हणजे?

भूमिका : सकाळी उत्तर नाही. दुपारी उत्तर नाही. दोन डाव चूप राहिला की पिवळा दिवा लागते. एक वाजता लागला.

जितेंद्र : अन् पिवळ्याइले आपण फोन कधी करतो?

भूमिका : संध्याकाळी सहाले.

जितेंद्र : लाव.

भूमिका : लावला.

जितेंद्र : घरात दुसरं कोणी असनच ना. बायको, पोरगा. कोणी तरी उचलन.

भूमिका : बायकोचं नाव आहे इथं. नंबर एकच आहे.

जितेंद्र : उचलला?

भूमिका : रिंग जाऊन राहिली.